डाव्या कॅलिपरमध्ये मुरलेलं पाणी

मित्रांनो, जरा दुरूनच बोला. साठी उलटली आहे माझी, आणि जो माणूस हसत हसत माझ्याजवळ येतो त्याच्या हातात बहुतेक पाना असतो, एवढं मला अनुभवाने कळलं आहे. मी एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकचा कॅलिपर आहे, पुढच्या डाव्या चाकाचा. नाव ऐकून गोंधळू नका. सायकलचा ब्रेक दाबलात की दोन रबरी गुटके चाकाला दोन्ही बाजूंनी धरतात ना? मोटारीत ते काम मी करतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती मी चिमटीत पकडतो. पेडलवर पाय पडला की नळीतून ब्रेक ऑइल माझ्या पोटात शिरतं, पोटातले दोन पिस्टन पुढे सरकतात आणि गाडी थांबते. एकदा ती माझ्यामुळे नीट थांबली नाही. तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म इटलीतला. बिडाचं ओतकाम करणाऱ्या एका कारखान्यात मला ओतलं, आणि माझ्याबरोबर माझ्या जुळ्या भावालाही. तो उजव्या चाकाचा, मी डाव्या. आम्ही आरशातल्या प्रतिबिंबासारखे, एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. आमची गाडी दोन सीटची, गडद हिरवी, कापडी टपाची. परदेशी वकिलातीतल्या एका साहेबाने ती बोटीतून मुंबईला आणली, आणि परत जाताना अंधेरीच्या एका डॉक्टरांना विकली. गाडी मूळची परदेशी, त्यामुळे तिचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे चालवणारा डावीकडे बसतो आणि शेजारचा माणूस उजवीकडे, रस्त्याच्या दुभाजकाच्या बाजूला. हे नीट डोक्यात ठेवा, पुढे यावरून रामायण झालं.

डॉक्टरांमागे गाडी त्यांच्या मुलाकडे आली. त्यांचं नाव मार्तंड. वकिली करायचे. गाडीवर त्यांचं भारी प्रेम. दर रविवारी सोसायटीच्या अंगणात स्वतः धुवायचे, पुसायचे, बॉनेटवर श्वास सोडून पुन्हा पुसायचे. जुहूला भेळेच्या गाड्यांपाशी आम्ही थांबलो की पोरं गोळा व्हायची. "काय गाडी आहे यार! झकास!" सगळं कौतुक बॉनेटचं. सायकलसारख्या तारांच्या चाकातून वाकून माझ्याकडे कोणी बघितलं असेल तर शपथ.

मला कौतुक नको होतं, मित्रांनो. मला ताजं ऑइल हवं होतं. ब्रेक ऑइलला एक खोड असते, ते हवेतलं पाणी शोषून घेतं. मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या साहेबांनी बॉनेट हजार वेळा पुसलं, पण ऑइलच्या बाटलीचं झाकण काही उघडलं नाही. तुम्ही म्हणता ना, "कुठेतरी पाणी मुरतंय"? माझ्या पोटात ते खरोखरच मुरत होतं. आधी ऑइल तपकिरी झालं, मग गाळ साचला, मग माझ्या एका पिस्टनला गंज चढला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी मार्तंडसाहेब आणि त्यांच्या पत्नी क्षमाताई एका बारशाहून परतत होते. जुहूच्या रस्त्यावर पुढची रिक्षा अचानक थांबली. साहेबांनी ब्रेक दाबला. माझ्या भावाने उजवं चाक घट्ट धरलं, आणि माझा गंजलेला पिस्टन जागचा हलला नाही. एक चाक धरलेलं, एक मोकळं, मग व्हायचं तेच झालं. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि दुभाजकावर आदळली. क्षमाताई त्याच बाजूला होत्या. त्यांचा खांदा मोडला. तो पुढे जुळला, पण आजही त्यांचा उजवा हात फळीवरच्या डब्यापर्यंत पोचत नाही.

साहेबांनी काय सांगितलं सगळ्यांना? "महिन्यापूर्वी हॉर्नसाठी गाडी एका गॅरेजात ठेवली होती ना, त्या चोराने माझे ओरिजिनल पिस्टन काढून डुप्लिकेट टाकले!" शेजाऱ्यांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, दवाखान्यात क्षमाताईंच्या उशाशी बसून त्यांनाही सांगितलं. माझे पिस्टन जन्मापासून माझ्याच पोटात होते, पण मला तोंड कुठे आहे? क्षमाताईंनी ऐकून घेतलं. त्या गाडीत मात्र पुन्हा बसल्या नाहीत. साहेबांनी गाडीवर ताडपत्री टाकली, आणि मी नऊ वर्षं तिच्याखाली गंजत आणि चिडत काढली.

यंदा साहेबांच्या मनाने उचल खाल्ली. वय अडुसष्ट. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आणि पहिली फेरी क्षमाताईंना शेजारी बसवून मारायची, असा त्यांनी ध्यासच घेतला. ताई म्हणाल्या, "बघू." मी ते ऐकलं. पुन्हा त्याच बाजूला त्याच बसणार, आणि थांबवायचं मी. या वेळी चुकलो तर नुसत्या खांद्यावर भागेल का, हाच विचार तेव्हापासून मला सोडेना.

गाडी ओढून वाकोल्याला जयवंतच्या गॅरेजात नेली. जयवंत मूळचा मालवणकडचा. त्याचे वडील गिरणीत होते, हा तीस वर्षं गाड्यांखाली झोपतो आहे. साहेबांचा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून संशय. घरून डबा आणायचे आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर ठाण मांडून दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघत बसायचे. खरं सांगू? माझाही जयवंतवर विश्वास नव्हता. पण साहेबांवर त्याहून कमी.

जयवंतने आम्हा दोघा भावांना चाकांवरून उतरवलं. मला टेबलावर ठेवून नळीचं तोंड उघडलं, तर आतून काळपट चिखल गळला. त्याने तो बोटावर घेतला, हुंगला.

"साहेब, ऑइल कधी बदललेलं?"

"वेळच्या वेळी. दर दोन वर्षांनी."

"नक्की ना?"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

जयवंतने बोट फडक्याला पुसलं आणि गप्प बसला. माझ्या मनात पाल चुकचुकली. याला कळलंय, मग हा बोलत का नाही? भांडणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते दिसतं तरी. गप्प बसणाऱ्याचं काही कळत नाही.

थोड्या वेळाने जयवंत चहा आणायला गेला. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातून खिळा काढला आणि आम्हा दोघांच्याही आतल्या अंगाला "म" असं अक्षर कोरलं. म म्हणजे मार्तंड. आम्हाला कोणी बदलू नये म्हणून खूण! इतकी वर्षं बघितलं नाही, आणि आता खिळा घेऊन आले.

मग माझी साफसफाई सुरू झाली. कॉम्प्रेसरची हवा सोडून जयवंतने एक पिस्टन उडवला. गंजलेला मात्र ढिम्म. शेवटी ग्रीस गन लावून, ग्रीस भरभरून त्याने तो इंच इंच बाहेर ढकलला. दाढ उपटताना तुम्ही कसे डोळे मिटता, तशी माझी गत झाली. लेथवर नवे स्टीलचे पिस्टन करून आणले, तेही साहेबांनी स्वतः सोबत जाऊन. नवी रबरं आली. प्रत्येक रबराचं पाकीट साहेबांनी उन्हाकडे धरून वाचलं.

मग मला रंगवायला घेतलं, आणि माझा संशय आणखी वाढला. मित्रांनो, कोणी रंग काढला की मी विचारतो, आता काय झाकायचं आहे यांना? रंगवणारी होती जयवंतची बायको वनमाला. पूर्वी ती दुकानांच्या पाट्या आणि नंबर प्लेटी हाताने रंगवायची. स्टिकर आले, तिचं ते काम गेलं, आणि हात इथे लागला. तिने मला तारेच्या ब्रशाने घासलं, थिनरने पुसलं, आत रंग जाऊ नये म्हणून पट्ट्या चिकटवल्या. पट्टी चिकटवताना ती थांबली.

"अवो, हय येवा. साहेबान खिळ्यान 'म' कोरल्यान हा."

जयवंत आला. वाकून बघितलं.

"चोर समजतत माका," एवढंच म्हणाला.

तिथे मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू? महिनाभर तो माझ्या पोटात डोकं घालून बसला होता, आणि पलीकडचा माणूस खिळा घेऊन बसला होता. वनमालाने विषय बदलून मी कुठल्या बाजूचा ते विचारलं.

"हो खयचो?"

"ड्रायव्हर साइडचो," जयवंत पाठ फिरवून म्हणाला. बरोबरच होतं ते. आमच्या गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि मी डावीकडचा. वनमालाने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर "ड्रायव्हर" लिहून माझ्या गळ्यात बांधला. माझ्या भावाच्या गळ्यात "क्लीनर". मेकॅनिक लोक शेजारच्या बाजूला क्लीनर साइड म्हणतात, तिथे साक्षात क्षमाताई बसल्या तरी.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो. माझ्या वरच्या टोकाला एक पोकळ स्क्रू आहे. आत हवा अडकली की तो सैल करून ती बाहेर काढतात. हवा नेहमी वर जाते, म्हणून तो स्क्रू वरच हवा. वनमाला त्याला नाक म्हणायची. ती मला नाक वर करून तारेला टांगायची आणि पातळ हाताने रंग द्यायची. लाल रंग, उष्णता सोसणारा, तीन हात. प्रत्येक हातानंतर नानकटाईच्या जुन्या ओव्हनमध्ये भाजायची. ओघळ आला तर बोटाने टिपायची. मी लालबुंद झालो, आणि मनातल्या मनात थोडा सुखावलोही. पण ते कोणाला सांगू नका.

रविवारी सकाळी बसवायचं ठरलं. क्षमाताई अकरा वाजता येणार होत्या. वनमाला मासळी आणायला बाजारात गेली होती. जयवंतचं मन काही थाऱ्यावर नव्हतं, तो "म" त्याच्या जिवाला लागला होता. एकदाचं आटपलं म्हणजे सुटलो, असा त्याचा चेहरा. त्याने माझ्या गळ्यातला पुठ्ठा वाचला, "ड्रायव्हर," आणि मला उचलून सरळ उजव्या चाकाकडे निघाला.

अरे, कुठे नेतोस! तीस वर्षं आपल्याकडच्या गाड्या दुरुस्त केलेला हात तो. ड्रायव्हर साइड म्हटलं की उजवीकडेच वळणार. आमची गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे, हे त्याला ठाऊक होतं, पण हाताला कोण सांगणार? मला उजवीकडे बसवलं, भावाला डावीकडे. आम्ही आरशातले जुळे, बाजू बदलली की उलटे बसतो, म्हणून आमची नाकं खाली गेली. साहेब टॉर्च घेऊन वाकले. मला वाटलं, सुटलो, यांना दिसेल. त्यांनी आत प्रकाश टाकला, "म" शोधला, दुसऱ्या बाजूला जाऊन तिथलाही शोधला आणि समाधानाने मान हलवली. माल बदलला नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग हवा काढायला सुरुवात. साहेब पेडलवर, जयवंत खाली.

"दाबा. धरा. सोडा. परत दाबा."

नाक खाली, हवा वर कोंडलेली. ती निघणार कशी? पेडल मऊच्या मऊ. मला बोलता येत नाही, पण माझी भाषा पेडलमधून पायाला कळते. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो की काहीतरी चुकलंय. ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या. साहेबांचा पारा चढला.

"रबर डुप्लिकेट टाकलंस तू!"

"साहेब, पाकिटं तुम्ही फोडली."

"पाकीट ओरिजिनल, आतला माल कुठला ते कोणाला ठाऊक? तुम्ही सगळे एका माळेचे मणी!"

"बस झालं हां," जयवंत उभा राहिला. "खिळ्याने कोरलंत, गप्प राहिलो. आता तोंडावर चोर म्हणताय?"

नेमक्या त्याच वेळी क्षमाताई रिक्षातून उतरल्या. साहेबांनी घाईघाईने पेडल दोन-तीनदा मारलं. तसं केलं की क्षणभर ते कडक लागतं. "बघ, लागतोय ब्रेक. क्षमा, बस. आपण निघू या."

"साहेब, या पेडलवर गाडी बाहेर काढू नका. पाया पडतो तुमच्या."

"आता अडवतोस? आणखी काम काढायचंय ना तुला?"

गाडी सुरू झाली. क्षमाताई जयवंतकडे बघत होत्या, मग साहेबांकडे. त्यांचा डावा हात दाराच्या मुठीवर गेला. मी तिथेच खाली होतो, त्यांच्याच बाजूला. बसू नका, ताई, बसू नका हो! माझ्या पोटात हवा आहे, मी तुम्हाला थांबवू शकणार नाही. ओरडून ओरडून मी कोरडा पडलो, आणि कोणालाही ऐकू गेलं नाही.

इतक्यात वनमाला पिशवी घेऊन आली. आपला रंग कसा दिसतो ते बघायला तिने चाकाच्या तारांमधून डोकावलं.

"अवो, ह्येचा नाक खाली कसा?"

"कसला नाक? तुका काय कळता त्यातला!"

"माका ब्रेकातला काय कळणा नाय. पण तीन हात रंग दिलंय मी, नाक वर टांगून. ह्या उलटा लावलास तुमी."

जयवंत वाकला. बघितलं. पलीकडे जाऊन भावाकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून जमिनीवरच बसला. "ड्रायव्हर साइड," तो पुटपुटला. "ड्रायव्हर साइड. वाट लागली असती."

तो उठला आणि साहेबांच्या दारापाशी गेला. आता हा काय थाप मारतो, म्हणून मी कान टवकारले.

"साहेब, गाडी बंद करा. चूक माझी. डावा कॅलिपर उजवीकडे लावला मी. हवा निघतच नव्हती. तुम्ही रबरावर संशय घेतलात, रबर ओरिजिनल आहे. डोकं माझं डुप्लिकेट निघालं."

मित्रांनो, साठ वर्षांत मी पुष्कळ मेकॅनिक बघितले. गिऱ्हाइकासमोर, बायकोसमोर, भर दिवसा कोणी असं म्हटलेलं ऐकलं नव्हतं. साहेबांनी इंजिन बंद केलं.

आम्हाला उतरवून जागा बदलल्या. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो, म्हणून वनमाला पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली. थेंब पडला की पाणी ओतायची. मी माझ्या डावीकडे परत आलो, नाक वर. पुन्हा साहेब पेडलवर, जयवंत खाली. क्षमाताई प्लास्टिकच्या खुर्चीवर.

"दाबा. धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

जयवंतने स्क्रू सैल केला आणि माझ्या नाकातून बुडबुडे फसफसत बाहेर पडले. तेव्हा वरून साहेबांचा आवाज आला.

"जयवंत, ऑइल मी बदललं नव्हतं."

"माहीत आहे मला. त्याच दिवशी कळलं."

"अपघाताच्या आधी सहा वर्षं बदललं नव्हतं. पिस्टन कोणीच काढले नव्हते रे."

"ते मला कशाला सांगता? पाय सोडू नका."

साहेब म्हणाले, "क्षमा, ऐकलंस ना?"

"ऐकलं. जयवंतना सांगितलंत ते ऐकलं," क्षमाताई म्हणाल्या. "मला अजून काही सांगितलेलं नाही."

साहेबांचा पाय पेडलवर होता. उठून जाता येत नव्हतं. त्या पायाची थरथर ऑइलमधून, नळीतून थेट माझ्या पिस्टनपर्यंत आली. कडक, स्वच्छ ऑइल होतं, काही लपत नव्हतं.

"तुझा खांदा माझ्यामुळे मोडला, क्षमा. मला तेव्हाच माहीत होतं."

"पहिली काही वर्षं मला वाटायचं, यांना खरंच कळलं नसेल," क्षमाताई म्हणाल्या. "मग वाटायला लागलं, कळलंय. ते जास्त लागलं मला. गाडीची भीती नव्हती हो वाटत. तुमच्या शेजारी बसायची वाटायची."

"आता सोडा," जयवंत खालून म्हणाला. पेडल दगडासारखं घट्ट लागत होतं.

क्षमाताई उठल्या, उजवीकडचं दार उघडलं आणि बसल्या. "पहिल्या सिग्नलपर्यंत येते," म्हणाल्या. "पुढचं तिथे ठरवीन. मोडलेला हात आहे, पण दार उघडता येतं मला."

आम्ही निघालो. वाकोल्याच्या गर्दीतून हळूहळू. मी एकेका खड्ड्याला नावं ठेवत होतो, एकेका रिक्षावर डोळे वटारत होतो. सिग्नल लाल झाला. पाय पडला. मी आणि माझ्या भावाने एकाच वेळी, सारखीच पकड घेतली. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे सरळ नाकासमोर थांबली. मी दाराच्या आवाजाची वाट बघत राहिलो. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न सुरू झाले, तरी दार उघडलं नाही. "चला," एवढंच ऐकू आलं.

माझा स्वभाव काही बदललेला नाही, मित्रांनो. उद्या कोणी पाना घेऊन आला तर आधी त्याचे डोळे बघेन. पण तुमच्या घरी गाडी असेल, स्कूटर असेल, तर वडीलधाऱ्यांना आजच विचारा, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. तासाभराचं काम आहे. आणि बदलायचं राहून गेलं असेल, त्यातून कोणाला लागलं असेल, तर ते मेकॅनिकला नंतर सांगा. ज्याला लागलंय, त्याला आधी सांगा.